बारा आठवड्यांची जखम, तीन दिवसांचं दुखणं

मधुमेही पायाच्या जखमेवर संशोधन चाललंय म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं नवं मलम येतं. मलमाचा वाटा त्यात थोडाच. असा अभ्यास तगतो की ढासळतो, हे दोन साध्या गोष्टींवर ठरतं: जखम दर खेपेला एकाच रीतीनं मोजली का, आणि पेशंट ठरल्या दिवशी परत आला का. लेकरांच्या मोडलेल्या हातांच्या अभ्यासातही तेच, फक्त तिथं जखमेऐवजी दुखणं मोजायचं असतं. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडून येणाऱ्या पेशंटांसोबत या दोन्ही तऱ्हेचं काम करताना जे रोज हाताखालून जातं, ते इथं मांडतो आहोत.

आधी कागद. दोन प्रचलित उपचारांचीच तुलना करायची असेल, नवं औषध आणायचं नसेल, तर दिल्लीच्या औषध नियंत्रकांकडं जावं लागत नाही. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र लागतेच. शिवाय सीटीआरआयवर, म्हणजे अशा अभ्यासांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदणी. 1 एप्रिल 2018 पासून ही नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच व्हावी लागते, मागाहून केलेली चालत नाही. ‘कमिटीचं पत्र आलं, करू सुरू, नोंदणी होईल सावकाश’ असं म्हणणाऱ्यांचे पेपर पुढं मासिकांतून परत येतात.

संमतीपत्राला वेळ द्यावा लागतो. कोणता उपचार मिळेल ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरणार आणि डॉक्टरांच्याही हातात ते नाही, एवढं सांगितलं की लोकांना पटकन कळतं. शंका वेगळीच असते: ‘फुकट करताय म्हंजी आमच्यावर प्रयोग व्हय?’ याला सरळ उत्तर द्यावं. होय, तुलना आहे. दोन्ही उपचार आजही वापरात आहेत. नाही म्हणालात तरी उपचार तोच आणि तसाच मिळेल. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार लागतो, आणि तो अभ्यासाच्या टीमपैकी नसावा. सगळं समजावून सांगताना तो तिथं हजर हवा. बोलणं संपल्यावर बाहेरून कोणाला तरी बोलावून सही घेणं ही सर्रास दिसणारी चूक. तपासणीत पहिली तीच पकडली जाते, कारण साक्षीदाराच्या सहीची वेळ आणि त्याची ड्युटी जुळत नाही.

लेकराच्या बाबतीत सही आईची किंवा वडिलांची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 12 वयाच्या लेकराचा तोंडी होकार पालकांसमोर घ्यायचा, 12 ते 18 मधल्याचा लेखी. मराठवाड्यात अडचण येते ती दिवाळीच्या सुमाराला. मुकादमाची उचल घेतलेले आई-बाप कारखान्यावर गेलेले असतात, लेकरू गावात आजीजवळ. आजी हात मोडलेलं लेकरू घेऊन येते. एक्स-रे अगदी अभ्यासात बसणारा असतो, पण आजी कायद्यानं पालक नसते आणि फोनवरच्या ‘हो’ला संमती म्हणता येत नाही. उपचार नेहमीप्रमाणे करायचे, नाव अभ्यासात घ्यायचं नाही. यामुळं ऊसतोड कामगारांची लेकरं अभ्यासात कमी पडतात. निकाल लिहिताना हे स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर तो निकाल सगळ्या जिल्ह्याचा आहे असा समज होतो.

वयाचाही घोळ असतो. कागदावर जन्मतारीख 1 जून दिसली की थांबावं. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली असण्याची शक्यता जास्त. 4 ते 15 वयाच्या लेकरांच्या अभ्यासात काठावरचं लेकरू असेल तर लसीकरणाचं कार्ड मागावं.

आता पाय. जखम बघण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: बधिरपणा, रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग. बधिरपणा बघायला 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा ठरावीक जाडीचा तंतू. तो त्वचेवर काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, सेकंद-दोन सेकंद धरायचा आणि उचलायचा. आधी हातावर टेकवून दाखवावं, म्हणजे काय जाणवायला हवं ते कळतं. मग ‘मामा, डोळे मिटा. लागलं की हो म्हणा, अन् कुठं लागलं तेबी सांगा.’ अंगठ्याचा तळ, पहिल्या आणि पाचव्या बोटाच्या मुळाशी असलेला चवडा या तीन जागा; प्रत्येकी तीनदा, त्यातला एकदा तंतू न लावताच विचारायचं. हे खोटं विचारणं वगळू नये. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून दर वेळी ‘हो’ म्हणणारी मंडळी पुष्कळ. रानात अनवाणी फिरलेल्या पायाचा तळ ढपलीसारखा जाड असतो. घट्ट्यावर तंतू लावला तर चांगला पायही बधिर ठरतो. घट्टा टाळून बाजूला लावावा, आणि कंप जाणवतो का ते बघायला 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क जोडीला ठेवावा. एकाच तंतूनं ओळीनं दहाएक पेशंट तपासले की तो नरम पडतो. त्याला दिवसभर विश्रांती द्यावी लागते. म्हणून दोन-तीन तंतू ठेवून आलटून-पालटून वापरावेत.

रक्तपुरवठ्यासाठी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब डॉपलरनं (रक्ताचा प्रवाह आवाजातून ऐकवणाऱ्या यंत्रानं) घेऊन घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागतात. 0.9 च्या खाली आलं तर नस अरुंद झाली आहे. फसवणारा आकडा 1.3 च्या वरचा. नवख्याला वाटतं, रक्त भरपूर आहे. खरं तर जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साठून ती कडक होते, पट्ट्यानं दबत नाही, म्हणून दाब खोटा चढा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा. तो 30 च्या खाली असेल तर अभ्यास बाजूला ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं पाठवावं, तेही त्याच आठवड्यात.

जखमेत बोथट, निर्जंतुक सळई हलकेच घालून हाड लागतं का ते बघतात. टोकाला टणक, खरखरीत काही लागलं तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याचा दाट संशय, आणि असा पेशंट साध्या जखमेच्या अभ्यासात घेता येत नाही. जंतूंच्या तपासणीसाठी वरवर फिरवलेला कापसाचा स्वॅब निरुपयोगी. त्यावर कातडीवरचेच जंतू उगवतात. जखम साफ केल्यावर तळातून खरवडलेला मांसाचा तुकडा पाठवावा.

मापाचं काम यानंतर, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच. पेशंट येतो तेव्हा जखमेत बहुधा काहीतरी भरलेलं असतं: हळद, दगडीपाल्याचा रस, कधी चुना-गूळ. हळदीनं तळ पिवळा होतो आणि फोटोत तो सडलेल्या मांसासारखा दिसतो. सलाइननं धुऊन, कडेचा घट्टा कापून, मेलेलं काढून मगच मोजायचं. साफसफाईनंतर जखम मोठी दिसते, तेच तिचं खरं माप. पहिल्या खेपेला साफ न करता मोजली आणि दुसऱ्या खेपेला साफ करून मोजली, तर बरी होत असलेली जखम कागदावर वाढलेली दिसते.

लांबी म्हणजे सगळ्यात मोठं अंतर, रुंदी त्याला काटकोनात. 3.0 गुणिले 2.0 म्हणजे 6 चौरस सेंटीमीटर. तीच जखम दुसऱ्यानं थोडी बाहेरून धरून 3.2 गुणिले 2.3 मोजली तर 7.36 येतात, म्हणजे जवळपास 23 टक्के जास्त, आणि जखम तर जागची हललेलीही नाही. शिवाय जखम चौकोनी नसते. लंबगोल धरून 0.785 नं गुणलं तर 6 चे 4.7 होतात. कोणती रीत वापरायची ते आधी लिहून ठेवावं आणि शेवटपर्यंत बदलू नये. त्याहून बरं म्हणजे पारदर्शक फिल्मवर बारीक मार्करनं कड गिरवून चौकटी मोजणं. फिल्म दोन पदरी घ्यावी, खालचा पदर फेकून द्यावा आणि वरचा फाइलला लावावा. फोटोत कागदी पट्टी जखमेच्याच पातळीत हवी. पलंगावर ठेवलेली पट्टी कॅमेऱ्यापासून लांब पडते आणि माप चुकतं. फ्लॅश बंद. पट्टीवर नाव लिहायचं नाही, फक्त अभ्यासातला क्रमांक आणि तारीख.

या मापावर इतका जीव का टाकायचा? 2003 मध्ये शीहान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चौथ्या आठवड्यापर्यंत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यापेक्षा जास्त घटलं तर बाराव्या आठवड्यापर्यंत ती भरण्याची शक्यता चांगली, नाही घटलं तर बेताची. चौथ्या आठवड्याचं हे माप आता जगभर खुणेचा दगड मानतात. ते चुकलं तर चांगला चाललेला उपचार बदलला जातो, किंवा वाईट चाललेला तसाच पुढं रेटला जातो.

बहुतेक अभ्यासांत चिठ्ठी उघडण्याआधी दोन आठवडे नुसतेच चांगले नेहमीचे उपचार देतात. नीट ड्रेसिंग आणि पायावरचा भार कमी केल्यावर काही जखमा आपसूकच भरायला लागतात. त्या घेतल्या तर श्रेय भलत्याच गोष्टीला जातं.

किती पेशंट लागतील? समजा नेहमीच्या उपचारानं बारा आठवड्यांत 40 टक्के जखमा भरतात आणि नव्या पद्धतीनं 60 टक्के भरतील असं धरलं. 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के चुकीची मुभा ठेवली तर एका गटात 95 लागतात. पाचातला एक गळेल असं धरलं तर 119. दोन्ही मिळून 238. प्रबंधाच्या घाईत 30 अधिक 30 पेशंट घेऊन ‘फरक आढळला नाही’ असं लिहिलेलं वाचलं की हसू येतं; एवढ्यांत तो आढळणारच नव्हता.

चिठ्ठीची पाकिटं अपारदर्शक, क्रमांक घातलेली, आत कार्बन पेपर. पाकिटावर पेशंटचा क्रमांक आणि तारीख लिहूनच फोडायचं, म्हणजे ते कार्बननं आतल्या चिठ्ठीवर उमटतं आणि पाकीट बदलता येत नाही. दिव्यासमोर धरून बघावं. आतलं दिसलं तर सगळा गठ्ठा बाद.

भार कमी करण्यासाठी तळपायाच्या जखमेला सगळ्यात उत्तम म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत अंगाला बसणारं प्लास्टर. आपल्याकडं हे कुष्ठरोगाच्या कामातून आलं; वेल्लोरला पॉल ब्रँड बधिर पायांच्या जखमांवर ते वापरत. पाय काटकोनात धरायचा. जखमेवर पातळ ड्रेसिंग, कारण जाड गॉजचाच दाब पडतो. बोटांच्या फटीत कापूस, वर स्टॉकिनेट, दोन्ही घोट्यांवर आणि नडगीच्या धारेवर पाव इंची फेल्ट, बोटांवर फोम. मग प्लास्टरचा पहिला थर तळहातानं चोळत बसवायचा. बोटांच्या टोकांनी दाबलं की आत खळगे राहतात आणि बधिर पायाला ते टोचल्याचं कळत नाही. तळ सपाट करून वरून फायबरचा थर. पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत बदलायचंच, कारण सूज उतरते, प्लास्टर ढिलं पडतं आणि घोट्यावर घासून नवी जखम होते. पुढं आठवड्याला एक. रक्तपुरवठा कमी आणि संसर्गही, असं दोन्ही असेल तर हे घालू नये.

पुस्तकात नसलेल्या अडचणी वेगळ्या. देशी संडासात बसता येत नाही. जेवायला मांडी घालता येत नाही. प्लास्टरचा पाय उंच होतो, दुसरा बुटका. चालताना कंबर धरते, म्हणून दुसऱ्या चपलेला तेवढीच जाडी लावून द्यावी लागते. मे महिन्यात पारा 42 च्या पुढं गेला की आत घाम आणि खाज, मग झाडूची काडी आत जाते. काडी मोडून आत राहिली तर कळतं ते वासावरून. बायकांच्या बाबतीत जोडव्यांचा प्रश्न. सुजलेल्या बोटात जोडवं रुततं, शेजारच्या बोटाला घासतं, आणि प्लास्टरच्या आत ते ठेवणं धोक्याचं. ‘मावशी, काढा’ म्हणून हात पुढं करणं बरं नव्हे. नवरा किंवा सासू सोबत असेल तर त्यांच्यासमोर कारण सांगावं. दुसऱ्या पायाला सूज नसेल तर त्यातलं राहू द्यावं. काढलेलं जोडवं त्यांच्याच हातात द्यावं, ट्रेमध्ये ठेवू नये.

काढता येणारा बूट दिला तर या कटकटी कमी होतात, पण तो वापरला जात नाही. 2003 मध्येच आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की पेशंटच्या दिवसभराच्या हालचालींपैकी जेमतेम 28 टक्के बूट घालून होतात. आपल्याकडं तर घरात पायात काही घालायची रीतच नाही.

लेकरांच्या हातांचा अभ्यास या मानानं सुटसुटीत. मनगटाजवळ हाडाची एक बाजू दबून फुगते, दुसरी अखंड राहते, याला बकल फ्रॅक्चर म्हणतात. ब्रिटनमध्ये 4 ते 15 वयाच्या 965 लेकरांवर झालेला फोर्स नावाचा अभ्यास 2022 मध्ये छापून आला. अर्ध्यांना साधी पट्टी, अर्ध्यांना कडक आधार. तिसऱ्या दिवशी दुखण्याचे गुण 10 पैकी 3.21 आणि 3.14, म्हणजे फरक नाहीच. इथं ते जसंच्या तसं उचलायला दोन अडथळे. पहिला एक्स-रेचा: दोन्ही दिशांनी काढलेला, नीट दिसणारा नसेल तर ग्रीनस्टिक फ्रॅक्चर (एका बाजूनं तुटलेलं, दुसऱ्या बाजूनं वाकलेलं हाड) बकल म्हणून खपतं, आणि ते पुढं वाकतं. दुसरा अडथळा घरचा. ‘प्लास्टर घातलंच नाही, तसंच वाटंला लावलं’ म्हणत तेच लेकरू संध्याकाळी हाडवैद्याकडं जातं आणि बांबूच्या कामट्या करकचून बांधून घेतं. सूज वाढते, रक्त थांबतं, स्नायू मरतात आणि बोटं कायमची आकसतात. म्हणून पट्टीच्या गटातल्या पालकांना एक्स-रेवर बोट ठेवून अखंड बाजू दाखवावी. फॉर्ममध्ये ‘आधी कुठं बांधलं होतं का’ हा प्रश्न असतो. तो रागावून विचारला की उत्तर हमखास ‘नाही’.

दुखणं मोजायला सहा चेहऱ्यांची पट्टी, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, 0 ते 10. बोट लेकरानं ठेवायचं. आई म्हणते ‘लई दुखतंय त्याला’, लेकरू दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतं, नोंद लेकराची. तिसऱ्या दिवशीचा फोन संध्याकाळी सात-आठला करावा. दुपारी फोन बापाच्या खिशात रानात असतो आणि लेकरू घरी, मग बाप अंदाजानं आकडा सांगतो. चेहऱ्यांची पट्टी छापून सोबत दिलेली असेल तरच फोनवर उपयोग.

हाड सरकलेलं असेल तर बसवून पक्कं प्लास्टर. त्याची चांगली-वाईट पारख एक्स-रेवर होते: बाजूनं दिसणारी आतली जाडी भागिले समोरून दिसणारी आतली रुंदी. 0.8 पेक्षा कमी हवं. हात चपटा असतो, प्लास्टर गोल झालं की हाड आत फिरतं. पहिले दोन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे. कोपरावरचं फ्रॅक्चर या अभ्यासात घ्यायचंच नाही. मनगटाची नाडी लागत नसेल किंवा बोटं सरळ करताना लेकरू किंचाळत असेल तर ती तातडीची केस आहे.

परत येण्याचं गणित पंचांगावर चालतं. ऊसतोडीला जाणाऱ्या पेशंटला जुलैच्या मध्यापर्यंत घेतलं तर बारा आठवडे दसऱ्याच्या आसपास संपतात. सप्टेंबरात घेतलं तर सहाव्या-सातव्या आठवड्यालाच तो फडात असतो. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं व्रत असतं, तुळजापूरला पायी जाणारे असतात, आणि उपासात गोळी तीच ठेवली तर साखर खाली येते. हे सगळं संमतीच्या दिवशीच विचारून टाकावं. ‘व्रत मोडा’ म्हणून कोणी ऐकत नाही. ‘या वर्षी देवीला सांगून घरातल्या दुसऱ्या कुणाला ठेवू द्या’ हे ऐकतात. येण्याजाण्याचं भाडं त्याच दिवशी रोख द्यावं, सोबत येणाऱ्याचंही. फोन नंबर तीन घ्यावेत: घरचा, शेजारचा, गावातल्या आशाताईंचा. न आलेला पेशंट त्यांच्यामुळंच सापडतो.

फॉर्मवर व्हाइटनर नको. चूक झाली तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. माप घेतलं नसेल तर ‘घेतलं नाही’ असं लिहावं आणि कारणही.

जखम भरली कधी म्हणायची? कातडी पूर्ण आली, पाणी सुटत नाही, ड्रेसिंग लागत नाही, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघितलं तेव्हाही तसंच. अमेरिकेच्या एफडीएची (औषध नियामक संस्थेची) 2006 ची ही व्याख्या सगळे वापरतात. पहिल्या दिवशीच ‘भरली’ लिहून बंद केलेल्या जखमांवरची खपली पुढच्या खेपेला निघते आणि खाली ओल असते.

भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. म्हणून शेवटच्या खेपेला एमसीआर रबराची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चपल मापानं करून द्यावी, मागं पट्टा असलेली, कारण बधिर पायातून साधी चपल निसटली तरी कळत नाही. जोड दोन द्यावेत. एक बाहेरचा आणि एक फक्त घरातला, वेगळ्या रंगाचा, म्हणजे तो उंबऱ्याबाहेर ठेवला जात नाही आणि देवघरापुढून कोणी हटकतही नाही. रबर दाबून बघावं. अंगठ्यानं दाबल्यावर परत वर येत नसेल तर तळ बदलायला झाला.